पाठ वळवून उभे राहण्याचे काम

माझी पत्नी सकाळी आठनंतर पाणी पीत नसे. गडचांदूरच्या आमच्या भाड्याच्या घरातून बस पकडण्याआधी ती अर्धा पेला पाणी घेई आणि पेला पालथा घालून ठेवी. संध्याकाळी ती परतेपर्यंत तो पेला तसाच असे.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. कोरपन्याच्या वाटेवरील एका खेड्यात ती प्राथमिक शिक्षिका होती. शाळेत तीन गुरुजी आणि बाई म्हणून ही एकटी. शाळेमागे विटांचा, पत्र्याच्या दाराचा एक संडास होता. शासनाच्या पैशाने बांधलेला, शासनाच्याच कुलपाने बंद केलेला. साहेब तपासणीला येत त्या दिवशी तो धुऊन उघडला जाई. एरवी, ‘पोट्टे घाण करतात’ या सबबीखाली किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात राही. कोणत्या नियमान्वये, हे मला आजतागायत कोणी दाखवलेले नाही. गुरुजींना शेताचा धुरा, म्हणजे बांध, पुरे. तिला कपाशीचा आडोसा, तोही पीक उभे असेपर्यंत. वेचणी संपून पऱ्हाट्या उपटल्या की ते काळे रान तळहातासारखे उघडे पडे.

म्हणून पाणी नाही. आणि म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी तेच दुखणे: आधी जळजळ, मग थेंबाथेंबाने होणारी लघवी, मग कंबरेत कळ आणि हुडहुडी भरून ताप. आई धण्याचे पाणी पाठवी, शेजारीण पळसाची फुले उकळून देई. आम्ही चंद्रपूरला डॉक्टरीणबाईंकडे जात असू. त्यांनी एकदा चिडून विचारले,

“गोळ्या देते, बरं वाटते, पुन्हा येते. दिवसभर पाणी पेत नाई ना तू?”

“पेलं तर जाऊ कुठी, बाई?”

“मास्तरीण आहेस. पोरायले सांगत असशीन ना, पाणी भरपूर प्या म्हणून?”

“ते पोरायले शिकवाचं असते, बाई. आपल्यासाठी थोडीच असते!”

दोघी हसल्या. मी हसलो नाही. मी मनात अर्जाचा मसुदा बांधत होतो.

त्या फेऱ्यांमधलीच एक आठवण आज मला सर्वांत जास्त छळते. परतीच्या बसमध्ये तिला अनावर होई. ती माझ्या कोपराला बोट लावी. मी वाहकाला सांगून गाडी थांबवी, काळी छत्री घेऊन तिच्यासोबत झुडपांपर्यंत जाई, छत्री उघडून रस्त्याच्या बाजूने धरी आणि पाठ वळवून उभा राही. मागून तिचा आवाज येई, “आहात ना जी?” मी म्हणे, “आहो.” गाडीतून एखादा ओरडे, “अवो भाऊ, तंबू ठोकता का काय?” त्याला काय उत्तर द्यायचे ते मी कलमांसह तयार ठेवलेले असे, पण ती येऊन म्हणे, “चला, राहू द्या.” चुनखडीच्या ट्रकांनी पांढरी केलेली ती झुडपे, कोपरावरचे ते बोट, तो प्रश्न. नवरा म्हणून मला इतके नेमके काम दुसरे कोणी दिले नाही.

मी राजुऱ्याच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होतो. माझे वडील निरक्षर. दोन ओळींच्या अर्जासाठी त्यांना दुसऱ्याच्या ओसरीवर तासन्‌तास बसावे लागे. त्यामुळे लिहिता येणे म्हणजे न्याय मागता येणे, ही माझी श्रद्धा. मी जिल्ह्याच्या शिक्षण खात्याला चार पानी अर्ज लिहिला. त्यात कुलूप होते, कर्तव्यच्युती होती, आणि पुरावा म्हणून माझ्या पत्नीचे दुखणे सविस्तर होते. डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीची खरी नक्कलही जोडली. तिला विचारले नाही. न्यायासाठी परवानगी कसली मागायची, असे मला वाटले.

आलेल्या प्रत्येक तक्रारीवर ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’ असा शिक्का मारून ती, मूळ अर्जासह, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याकडेच पाठवणे, हे काम मी स्वतः रोज करत होतो. वर्षानुवर्षे करत होतो. माझा अर्जही त्याच वाटेने खाली उतरणार, हे माझ्या ध्यानात आले नाही.

तो तसाच उतरला. मुख्याध्यापकांनी मधल्या सुट्टीत गुरुजींसमोर तो मोठ्याने वाचला. जळजळीसकट, थेंबांसकट. मग खणातून किल्ली काढली, फळ्याशेजारच्या खिळ्याला टांगली आणि म्हणाले, “घ्या बाई. लागली की सगळ्यायसमोर घेऊन जा. वरून हुकूम आहे.”

हे तिने मला त्या संध्याकाळी पेला सुलटा करताना सांगितले. रडली नाही. एवढेच म्हणाली, “तुमी हे माह्यासाठी लिहिलं, का तुमच्या रागासाठी?”

मी दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांविरुद्ध सहा पाने लिहिली. तिने ती न वाचता परत दिली.

त्यानंतर तिने मला दुखणे सांगणेच थांबवले. तिला ताप आहे हे मला शेजारणीकडून कळे. गोळ्यांची पाकिटे तांदळाच्या डब्यामागे सापडत. चंद्रपूरला ती बहिणीबरोबर जाऊ लागली. एकाच घरात, एकाच ताटलीतल्या भाकरी खात आम्ही राहत होतो, आणि मी त्या बोटाची वाट पाहत होतो. माझी सहा पाने मी चुलीत घातली. माझ्या आयुष्यात न पाठवलेला तो एकमेव अर्ज.

पुढे एका रविवारी तिने माझ्याकडून कोरा कागद मागितला आणि चार ओळी लिहिल्या: वरच्या वर्गातल्या मुली दुपारच्या सुट्टीत घरी जातात त्या परत येत नाहीत, संडासाचे कुलूप काढावे. स्वतःविषयी एक अक्षर नाही. एकही विशेषण नाही. खाली मुलींच्या आयांचे अंगठे घेतले, आणि त्या बायाच तो कागद घेऊन शाळेत जाऊन बसल्या. महिनाभरात कुलूप निघाले. माझ्या पत्राने नव्हे, हे नमूद करतो.

ती शाळेत पाणी पिऊ लागली. दुखणे विरळ झाले, पण पुरते गेले नाही. माझ्याशी त्याविषयी ती तरीही बोलत नव्हती.

त्या उन्हाळ्यात गडचिरोलीला तिच्या चुलतभावाचे लग्न होते. चंद्रपूर, मूल, सावली अशी बस. मूल गाव सोडल्यावर जंगल लागले. ती खिडकीशी बसली होती. तिचा चेहरा आवळत गेलेला मी पाहिला. तो चेहरा मला पाठ होता. पण बोलण्याचा अधिकार मी गमावला होता. थोड्या वेळाने, बाहेरच पाहत, तिने विचारले,

“छत्री घेतली का जी?”

मी ती महिनोन्‌महिने प्रत्येक प्रवासात घेत होतो. ऊन असो, नसो.

गाडी थांबली. मोहाच्या झाडांखाली वाळलेला पाला पायाखाली चुरत होता. मी छत्री उघडली, रस्त्याच्या बाजूने धरली आणि पाठ वळवली. बराच वेळ मागून काही आवाज आला नाही. तेवढ्या वेळात मी जितका भ्यालो तितका कोणत्याही साहेबासमोर भ्यालो नव्हतो.

“आहात ना जी?”

“आहो,” मी म्हणालो. जरा जास्तच घाईने म्हणालो असेन, कारण ती मागून हसली.

ती जाऊन आता बरीच वर्षे झाली. अर्ज मी अजून लिहितो. बसस्थानकांतल्या बंद दारांविषयी, टांगलेल्या किल्ल्यांविषयी. आणि ज्या बाईची तक्रार असेल तिला आधी विचारून, तिचे नाव वगळून. उत्तरे येत नाहीत. मी स्मरणपत्रे पाठवतो. गडचिरोलीच्या बसमध्ये मूलच्या पुढे जंगल लागले की मात्र माझे लक्ष कागदावरून उडते. छत्री मांडीवर असते, आणि कोपर मी जरा बाहेर काढून ठेवतो.