कोलेस्टेरॉलच्या इंजेक्शनचा शनिवार

मी डोंबिवलीत एका हार्टच्या डॉक्टरांकडे नर्स आहे. कोलेस्टेरॉलचं इंजेक्शन घ्यायला एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी तीच ती माणसं येतात. आता बीपी बघायच्या आधी घरच्या गोष्टी सुरू होतात. मग किस्से साठणारच!

जोशीकाका बँकेतून रिटायर झालेले. एक स्टेंट बसलेला, दुसऱ्याची वेळ येऊ नये म्हणून डॉक्टरांनी अँटीबॉडीचं इंजेक्शन सुचवलं. काकांनी ऐकलं अँटिबायोटिक. पाच दिवसांचाच कोर्स ना, म्हणाले. डॉक्टरांनी समजावलं, की या इंजेक्शनमुळे लिव्हर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल जास्त ओढून घेतं, ते रक्तवाहिन्यांत साचत नाही. गोळ्या चालूच ठेवायच्या आणि हेही घ्यायचं, कायम.

काकांनी शेजारी बसलेल्या काकूंकडे पाहिलं. "म्हणजे हे औषध नव्हे, लग्न आहे."

* * *

पुढचा रिपोर्ट फारच छान आला. त्यानंतरच्या शनिवारी काका आले ते शर्टावर हिरवी चटणी घेऊन. बटाटेवडा खाल्लात का, डॉक्टरांनी विचारलं.

"मग इंजेक्शनला काही काम नको?"

तेव्हापासून काकू त्यांना क्लिनिकच्या दारापर्यंत सोबत करतात.

* * *

प्रकाश कांबळे कोपरला राहतो. एकदा त्याने आपलं इंजेक्शन ठाण्याहून विकत घेतलं आणि बाइकवर शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकला. भर उन्हात पिशवीतला बर्फ वितळला. त्याने मला फोन केला, स्पीकरवर. गार ठेव, पण बर्फाला चिकटू देऊ नकोस, मी सांगितलं. शेजारच्या टेम्पोतल्या कोळीण मावशींनी हे ऐकलं. त्यांनी खोका प्लास्टिकमध्ये घातला, टॉवेलात गुंडाळला आणि आपल्या मासळीच्या पेटीत वरच ठेवला. टेम्पो पुढे, प्रकाश मागे, अशी वरात थेट क्लिनिकपर्यंत आली. मी तपासलं, इंजेक्शन व्यवस्थित होतं.

"मावरं टिकतं, तं सुई टिकनार नाय?" मावशी म्हणाल्या.

डॉक्टर केबिनमधून बाहेर आले आणि आज डब्यात बोंबील कोणी आणलेत, ते विचारू लागले.

* * *

आता प्रकाशचाच अजून एक. त्यांच्या घरात कोलेस्टेरॉल रक्तातच आलेलं. वडील छत्तिसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, मोठा भाऊ अडतिसाव्या. प्रकाश पहिल्यांदा आला तेव्हा पस्तिशीचा होता. मुलगी दहावीला कधी जाईल, असं मी सहज विचारलं, तर त्याने विषयच बदलला. बायको, वैशाली, खाली बघत बसली. गोळ्यांनी भागेना, म्हणून इंजेक्शन सुरू झालं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

गेल्या शनिवारी दोघं पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. वैशालीने सगळ्या पेशंटना वाटले, डॉक्टरांना केबिनमध्ये जाऊन दिला. डॉक्टरांनी पेढ्याकडे पाहिलं, दार लोटलं आणि खाल्ला.

जोशीकाकांनी अर्धा उचलला. प्रमोशन झालं का, त्यांनी विचारलं.

प्रकाशने खिशातून नवा चष्मा काढला आणि नाकावर चढवला.

"नाही काका. चाळिशी लागली. आमच्या घरात पहिल्यांदाच."