मान हलवून चालणार नाही

१९७४. होळी झाल्यानंतरचा रविवार, कुरडया घालायचा दिवस. शेजारीण पहाटेच चीक ढवळायला आली होती. चीक गरम असेपर्यंतच सोऱ्यातून नीट उतरतो, म्हणून या कामाला दोघी लागतात. एकीने भरायचं, दुसरीने दाबायचं. तिचे हात माझ्यापेक्षा दणकट, तेव्हा दाबायचं काम तिच्याकडे.

मी शाळेत शिकवत असे, त्यामुळे माझी सुट्टी रविवारची. आमचे नवरे मात्र कामावर, कारण कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. तिचा नवरा भोसरीकडे एका फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, होता. चिंचवडच्या त्या चाळीत आम्ही दोन वर्षं भिंतीला भिंत लावून राहत होतो, तरी त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. चाळीत सगळे त्याला आडनावाने हाक मारत. ती 'आमचं मालक' म्हणायची, नाहीतर 'पोरीचं बा'. रेशनच्या दुकानात कुणी विचारलं तर तोंड न उघडता कार्ड पुढे करायची.

"एकदा नाव घेऊन तर बघ," मी चिडवायचे. "जीभ झडत नाही."

"जिभंचं काय न्हाई वो बाई. त्यांचं आविष्य कमी हुतं. आमच्या थोरल्या जावंनं घेतलं, भांडणात. वरीस सरलं न्हाई."

हे ती रडून किंवा घाबरून सांगत नसे. उन्हात ठेवलेलं दूध नासतं, हे सांगावं तसं सांगायची. मी वाद घालणं सोडून दिलं होतं.

गॅलरीत पसरलेली पहिली चादर कुरडयांनी भरत आली तेव्हा कारखान्यातला एकजण सायकल फेकून गॅलरीत आला. "वहिनी, चला. क्रेनची साखळी तुटली, साचा पायांवर पडला. दोघं सापडलेत. तुमचे आणि त्यांचा चुलतभाऊ." चुलतभाऊ त्याच खात्यात होता. त्याची माणसं चाकणच्या पुढे गावाकडे, तिकडे निरोप धाडला होता. मी स्टोव्ह बंद केला, तिची मुलगी समोरच्यांकडे दिली, आणि नाक्यावरून मिळाली ती रिक्षा धरली. हाताला लागलेला चीक वाळून पांढरा झाला होता, तो ती वाटभर नखाने खरवडत बसली.

दवाखान्यात दोघांनाही आत नेलं होतं. एक सिस्टर बाहेर आली. दमलेली, पण आवाज धड. एकाचा पाय प्लास्टरने निभेल, दुसऱ्याचा गुडघ्याखाली काढावा लागेल, नाहीतर जीव जाईल, असं तिने सरळ सांगितलं. मग आडनाव वाचलं आणि विचारलं, "तुमच्या मिस्टरांचं नाव काय?"

शेजारणीने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार?

"सिस्टर," मी म्हटलं, "तुम्ही दोन्ही नावं वाचा. ही मान हलवील. ह्यांच्यात नाव घेत नाहीत."

"माझी आईपण घेत नाही," सिस्टर म्हणाली. "पण दोघं एकाच आडनावाचे आहेत. पाय काढायचाय, बाई, दाढ नाही. मान हलवून चालणार नाही. नातेवाइकाने तोंडाने नाव सांगायचं, मग अंगठा. डॉक्टर थांबलेत."

तिचं बरोबरच होतं. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

मी शेजारणीच्या कानाशी लागले. "उखाण्यात घे. लग्नात घेतेस ना? उखाण्यात दोष नसतो."

"उखाना? हितं?" ती म्हणाली. "मानसं हसाय लागल्याव घेत्यात उखाना."

मग तिने पदर डोक्यावरून घेतला. दोन्ही हात एकमेकांत घट्ट अडकवले. तोपर्यंत मी या गोष्टीला अडाणी समजूतच म्हणत आले होते, आणि आजही समजूतच म्हणेन. पण तिच्या लेखी ती खरी होती. आत नवऱ्याचा जीव कसाबसा टिकून होता, आणि तेवढ्यातलाही काही वाटा तिने स्वतःच्या तोंडाने कमी करावा, असं तिला सांगितलं जात होतं. सिस्टरच्या लेखी ती फक्त एक नाव सांगणार होती.

तिने नाव घेतलं. पहिलं नाव, बापाचं नाव, आडनाव. कुजबुजून नाही, पटावर हजेरी द्यावी तसं खणखणीत. सिस्टरने कागदाशी ताडून पाहिलं, पाय काढायचा तो हाच असं सांगितलं आणि नाव पुन्हा एकदा विचारलं, तसा नियम होता. शेजारणीने पुन्हा घेतलं. "तेच आमचं मालक. पाय काढा. मानूस ठिवा." मग अंगठा पुढे केला.

माझ्या अंगावर काटा आला. मी सहसा अशी बाई नाही. घरातले दोन मृत्यू मी कोरड्या डोळ्यांनी पार पाडले होते. पण तिच्या शेजारी उभं राहताना मला आपण फार लहान आहोत असं वाटलं, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. एवढं मोठं काही मी तोवर जवळून पाहिलंच नव्हतं.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. माणूस वाचला होता. चुलतभावाच्या पायाला प्लास्टर घातलं होतं. ती भिंतीला टेकून खाली बसली. मग तिने मला विचारलं, "बाई, परत लागंल का वो घ्यायला?"

"कदाचित," मी म्हटलं. खोटं कशाला सांगू?

"लागलं तर घीन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली आणि भाकरी-पिठलं बांधून दवाखान्यात गेले. ती चहा आणायला बाहेर पडली होती आणि वॉर्डाच्या दारावरचा नवा पहारेकरी तिला परत आत सोडत नव्हता. "कुणाच्या तुम्ही? नाव सांगा पेशंटचं." तिने श्वास घेतला, हात एकमेकांत अडकवले. मी पावलं उचलली, दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि तिच्या आधी ते पूर्ण नाव सांगितलं.