मिस वर्ना आणि हौदात उतरलेले राजदूत

आर्कन्सातल्या टली क्रीक गावच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये वर्ना स्टॉलकपनं एकतीस वर्षं हौद सांभाळला. हौद म्हणजे बाप्तिस्म्याचा, माणसाला अख्खं पाण्यात बुडवायचा. गाणाऱ्यांच्या बाकांमागे, उंचावर, पुढे लाल मखमली पडदा. शनिवारी दुपारी ती नळ सोडायची, हीटर लावायची आणि रविवारी सकाळी तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं कोपर बुडवून बघायची. पाण्यात उतरणाऱ्यांचे पांढरे झगे तिनंच शिवलेले. झगा छत्रीसारखा फुगून वर येऊ नये म्हणून घेरात मासेमारीच्या गळाची शिशाची वजनं टाचलेली. "देवापुढे जाताना गुडघे झाकलेले बरे," असं तिचं म्हणणं.

तिचा दुसरा कारभार बुधवारचा. संध्याकाळी दहा-बारा बायका प्रार्थनेला जमत. भिंतीवर जगाचा नकाशा, आणि ज्या देशासाठी प्रार्थना चालू असेल त्याच्यावर टाचणी. त्या भागाचे खासदार लायमन ब्रॅझेल ह्याच चर्चचे. वॉशिंग्टनला ते परराष्ट्र व्यवहार समितीवर बसत आणि दर गुरुवारी सकाळी न चुकता फोन करत.

"मिस वर्ना, ह्या आठवड्यात टाचण्या कुठं आहेत?"

लग्न झालेलं असलं तरी गावाला ती मिस वर्नाच. रविवारच्या शाळेत वर्नानंच त्यांना दहा आज्ञा पाठ करून घेतल्या होत्या, 'चोरी करू नको' ह्या आठव्या आज्ञेला अडखळले तेव्हा कानही पिरगाळला होता. आता साठीला आले तरी तो कान तिच्याकडेच होता म्हणायचा.

टाचणी ज्या देशावर, खासदारांचं मत त्याला, ही गोष्ट वॉशिंग्टनच्या दूतावासांत पसरायला वेळ लागला नाही. त्या काळात सोविएत संघ फुटून नवेनवे देश झाले होते. काळ्या समुद्रापलीकडच्या डोंगरातल्या अशाच एका चिमुकल्या देशाला अमेरिकेकडून चार हेलिकॉप्टरं हवी होती. देशाचं नाव वर्नाला शेवटपर्यंत धड म्हणता आलं नाही. पण त्यांच्या राजदूतानं चर्चला पत्र लिहिलं, की बायबलातल्या नोहाचं तारू पूर ओसरल्यावर आमच्याच डोंगराला लागलं. मग काय! त्याच बुधवारी टाचणी टोचली गेली आणि बायका त्याला "तारवाचा देश" म्हणू लागल्या. समितीचं मतदान मंगळवारी होतं. त्याआधीच्या रविवारी राजदूत वार्लाम स्वतः हजर झाले. देह भरदार, मिशी झुपकेदार, सूट कडक इस्त्रीचा.

पाळक ब्रदर रॉइस यांनी पन्नास मिनिटं प्रवचन दिलं. शेवटचं गीत सुरू झालं आणि बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांना ते नेहमीप्रमाणे म्हणाले, "ज्याचं मन म्हणतंय त्यानं पुढे यावं." राजदूतांना वाटलं, प्रवचनानंतरच्या जेवणाला बोलावताहेत. ते तडक पुढे गेले.

ब्रदर रॉइसनी त्यांचे दोन्ही हात धरले. "मनापासून आलात ना?"

"मनापासून!" राजदूत म्हणाले. "कालपासून वाट बघतोय!"

सगळीकडून "आमेन" झालं. खासदार ब्रॅझेलनी रुमाल काढला. पर्टल्यांच्या जुळ्या मुलींचा बाप्तिस्मा त्या दिवशी ठरलेलाच होता, हौद भरलेला होता. ब्रदर रॉइस झग्याखाली छातीपर्यंतची रबरी विजार चढवायला पळाले आणि पाहुण्याला मागच्या खोलीत वर्नाच्या हवाली केलं.

वर्नानं सगळ्यांत मोठा झगा पुढे केला. राजदूतांनी तो हातात तोलून पाहिला.

"फार जड आहे हो. जेवताना हाच घालायचा?"

वर्ना थबकली. "जेवताना? अहो, तुमचा बाप्तिस्मा आहे!"

"माझा?" राजदूतांचा चेहरा उतरला. "मॅम, मी चाळीस दिवसांचा असताना आमच्या बिशपांनी मला तीनदा बुडवून काढलंय. हे कळलं तर ते मला गावात पाय ठेवू देणार नाहीत."

"मग नाही म्हणा."

"आणि हेलिकॉप्टरं? ते खासदारसाहेब पहिल्या बाकावर रडताहेत!"

वर्नाला रागही आला आणि दयाही आली. "हे बघा, ह्या हौदात चोर उतरलेत, दारुडे उतरलेत, माझा नवरासुद्धा उतरलाय. पण हेलिकॉप्टरासाठी मी कुणाला उतरू देणार नाही. थांबा इथंच. मी ब्रदर रॉइसना सांगून येते."

झगा हातावर तसाच टाकून ती पायऱ्या चढली. ब्रदर रॉइस कमरेइतक्या पाण्यात डोळे मिटून उभे. वर्नानं वाकून हाक मारली, "ब्रदर रॉइस! अहो, तो आधीच—" आणि शिशानं भरलेला झगा तिच्या हातावरून घसरून पाण्यात गेला. तो धरायला वर्ना गेली, आणि झग्याच्या मागोमाग धबाककन हौदात.

नेमका तेव्हाच पर्टल्यांच्या पोरानं पडदा ओढला.

भरल्या चर्चनं पाहिलं ते असं: मिस वर्नाचे दोन बूट पाण्यावर, आणि पायऱ्यांवरून झेप घेणारा परदेशी राजदूत, सुटाबुटासकट. पाणी चार फूट. तरी त्यांनी तिला दोन्ही हातांवर उचलून, समुद्रातून काढल्यासारखं वर धरलं. बायका किंचाळल्या. वर्नाचा नवरा हॉलिस तेवढा झोपेतून उठला नाही.

खासदार ब्रॅझेल उभे राहिले. "मंडळी, जो देश आमच्या मिस वर्नाला बुडू देत नाही, त्याला आम्ही बुडू देणार नाही!"

मंगळवारी चार मागितलेली हेलिकॉप्टरं सहा होऊन मंजूर झाली.

पण खबर डोंगरापलीकडेही गेली. पंधरवड्यात राजदूतांचा फोन. आवाज रडवेला. "मॅम, बिशप म्हणतात मी धर्म बदलला. सरकार मला परत बोलावतंय."

वर्नानं त्याच दिवशी कागद घेतला.

"बिशपसाहेब, मी एकतीस वर्षं हौद सांभाळते. आमच्यात डोकं पाण्याखाली गेल्याशिवाय बाप्तिस्मा होत नाही. तुमचा माणूस छातीपर्यंतच भिजला. मिशीसुद्धा कोरडी होती, मी अगदी जवळून पाहिली आहे. तो जसा तुमचा होता तसाच आहे. सूट आटला असेल तर तो दोष आमचा."

दोन महिन्यांनी उत्तर आलं, सोबत अक्रोडाच्या मुरंब्याची बरणी. "बाई, पंथ तुमचा चुकलेला आहे, पण साक्ष खरी आहे. वार्लामला ठेवून घेतलं आहे."

ऑक्टोबरात वार्लामच्या शेजारच्या देशाच्या राजदूताचा फोन आला: तारू खरं म्हणजे त्यांच्या बाजूच्या उताराला लागलं होतं, तेव्हा कोणत्या रविवारी येऊ?

"या की," वर्ना म्हणाली. "येताना कोरडे कपडे आणा."

तिनं वार्लामनाही त्याच रविवारी बोलावलं आणि दोघांना जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसवलं. तळलेली कोंबडी दोघांनी मान खाली घालून संपवली. मक्याच्या पावावर आले आणि भांडणाला तोंड फुटलं. उत्तर उतार की दक्षिण उतार, ह्यावर दोघांनी टेबलावर मीठदाण्या मांडून डोंगर उभे केले. ब्रदर रॉइस समजूत घालायला गेले तर त्यांनाच नकाशा वाचता येत नाही असं ठरलं.

शेवटी वर्नानं केळ्याच्या पुडिंगचं भांडं दोन डोंगरांच्या मधोमध आदळलं. "तारू लागलं तिकडं लागलं. आत तुमच्या दोघांचेही पूर्वज होते ना? मग वाढून घ्या."

दोघांनी वाढून घेतलं. भांडण मात्र पुडिंग संपेपर्यंत चालूच होतं.