रोझलिनची मुदतवाढ

रोझलिन अनाक उन्चात डॉक्टर झाली तेव्हा तिच्या इंदायने, म्हणजे आईने, डुक्कर कापून अख्ख्या लाँगहाउसला, म्हणजे एकाच लांब छपराखाली राहणाऱ्या सगळ्या कुटुंबांना, जेवण घातलं होतं. लहान मुलांची डॉक्टर व्हायचं, हे रोझलिनने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. त्याआधी दोन वर्षांची उमेदवारी होती, राजांग नदीकाठच्या एका सरकारी रुग्णालयात. अशा उमेदवारांना तिथे हाउसमन म्हणतात. सगळ्यात आधी यायचं, सगळ्यात शेवटी जायचं, आणि मधल्या वेळात जो ओरडेल त्याचं ऐकायचं.

एका सकाळी वॉर्डात दायांग नावाच्या दोघीजणी शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. एक दायांग सादियाह, दुसरी दायांग साफिया. दोघींनाही रक्त चढवायचं होतं, म्हणून तपासणीसाठी दोघींचे नमुने घ्यायचे होते. नाव विचारून, नळीवरचं लेबल खाटेपाशीच चिकटवायचं, असा नियम. पण लेबल छापायचं यंत्र वॉर्डात एकच, तेही पार टोकाच्या काउंटरवर. त्यामुळे सगळेच आधी रक्त काढत आणि मग काउंटरवर जाऊन लेबलं लावत.

"अजून इथेच तू?" तिच्या वरचे डॉक्टर हाझ्वान ओरडले. "दोघींचं काढ, लेबलं मग लाव. राउंड सुरू होतोय!"

तिने दोघींचं रक्त काढलं. काउंटरवर पोचते तोच फोन वाजला, तो घेता घेताच तिने लेबलं लावली आणि नळ्यांची अदलाबदल झाली.

थोड्या वेळाने रक्तपेढीतून फोन आला. दायांग सादियाहचा रक्तगट जुन्या नोंदीशी जुळत नव्हता. चुकीचं रक्त कोणाला गेलं नाही; पुन्हा नमुने घेतले आणि दुपारी दोघींना आपापलं रक्त मिळालं. पण नळ्या कोणी भरल्या होत्या, असं विभागप्रमुख डॉ. तिओंग यांनी भर राउंडमध्ये विचारलं तेव्हा सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

"मी, डॉक्टर," रोझलिन म्हणाली. "चूक माझीच. पण यंत्र इतकं लांब आहे की आम्ही सगळेच..."

"मी यंत्राचं विचारलं का? मी तुझ्या हातांचं विचारतोय."

हाझ्वान खिडकीबाहेर बघत होते.

तिची उमेदवारी आणखी तीन महिने वाढवली गेली. बरोबरीचे पुढच्या विभागात गेले, ती तिथेच राहिली. नव्या मुली तिला हळूच विचारायच्या, "तुम्हालाच ना ती मुदतवाढ?" घरी फोनवर इंदाय म्हणायची, "एंदू, पोरी, शेजारणीची मुलगी उमेदवारीतून सुटली की गं. तू का नाही?" रोझलिन म्हणायची, "माणसं कमी आहेत, इंदाय." ते खोटंही नव्हतं.

वाढीव महिन्यांत तिने यंत्रासाठी दोनदा अर्ज केला. चाकांच्या गाडीवर एक छोटं यंत्र ठेवलं की ते खाटेपर्यंत नेता येईल, इतकीच मागणी. "बघू," असं उत्तर आलं.

मग नव्या तुकडीसाठी व्याख्यान झालं, रोझलिनही मागे बसली होती. डॉ. तिओंग यांनी पडद्यावर दोन नळ्यांचं चित्र दाखवलं. "आपल्याच एका हाउसमनचा हा निष्काळजीपणा." नाव घेतलं नव्हतं, पण मागच्या रांगेतल्या माना तिच्याकडे वळल्याच. रोझलिन उठून उभी राहिली.

"ती मी होते. चूक मी लगेच कबूल केली. आणि यंत्र अजून तिथेच आहे, डॉक्टर. आज सकाळीही सगळ्यांनी काउंटरवरच लेबलं लावली. मी स्वतः पाहिलं."

"बसा," डॉ. तिओंग म्हणाले.

तिच्या मूल्यमापनात शेरा आला: काम चांगलं, टीका सहन होत नाही. बरोबरीच्या काही जणांना कायमची नेमणूक मिळाली. रोझलिनला कंत्राट मिळालं आणि बोटीने जावं लागणारा, नदीच्या वरच्या अंगाचा एक दवाखाना. बालरोगाच्या प्रशिक्षणासाठी तिने दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा नाव यादीत नव्हतं. हाझ्वान तोवर मोठ्या शहरात, कुचिंगला, पुढचं शिकायला गेले होते.

दवाखान्यात काम भरपूर. साप चावलेले, ताप आलेले, अवघडलेल्या बाया. लोक तिला मासे आणून द्यायचे. ती हसून घ्यायची, आणि घरी येऊन भांडी आपटायची.

एका दुपारी फोन वाजला. त्या व्याख्यानाला नव्या तुकडीत बसलेली हाउसमन, लिंग हुई, रडत होती. "डॉक्टर रोझ, मी एका आजोबांना औषधाचा दुप्पट डोस दिलाय. ठीक दिसताहेत ते. अजून कोणाला कळलेलं नाही. काय करू?"

रोझलिनच्या तोंडाशी कितीतरी शब्द आले.

"आजोबांजवळ कोण आहे? सिस्टर? बरं. आत्ता जा आणि वरच्यांना सांग. आत्ताच. नाडी, रक्तदाब बघत राहा."

"मग माझं काय होईल?"

बाहेर रांगेतलं एक बाळ किंचाळत होतं. रोझलिनला काहीतरी धीराचं बोलायचं होतं, पण खोटं बोलवेना.

"ते मला माहीत नाही गं," ती म्हणाली. "आधी आजोबा. जा, पळ."

फोन ठेवल्यावर तिने टेबलावर जोरात मूठ आपटली. मग हात धुतले आणि किंचाळणाऱ्या बाळाला आत बोलावलं.