विरजणाची माती

मानकर सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या पायांत वहाणा होत्या, आणि तिथेच घोळ झाला. शेंदूरजनाघाटहून अकोल्याच्या कॉलेजात मी नवाच आलो होतो. जत्रेत दोन-चार कुस्त्या मारलेल्या, अंगात मस्ती मावत नव्हती. कॉलेजमागे आखाडा दिसला, तसा थेट आत उतरलो. पाठीमागून आवाज आला, "कोठी उभा हायेस, समजते काय तुले? पह्यले वाहाना काढ!"

कॉलेजचे व्यायामशिक्षक गुलाबराव मानकर ते हेच. पुढे महिनाभर त्यांनी मला कुणाशी लढू दिलं नाही. हाती फावडं दिलं. माती उकरायची, तेल, ताक, हळद घालून कालवायची. "काहून हो सर?" म्हणून मी चिडलो, तर म्हणाले, "माती वळखली नाई, तं मानूस काय वळखशीन?" अमरावतीला त्यांच्या वस्तादांच्या आखाड्यातून आणलेली टोपलीभर माती घालून त्यांनी हा आखाडा उभा केला होता. दुधाला विरजण लागतं तसं नव्या आखाड्याला जुनी माती लागते, असं ते सांगत.

दुसऱ्या वर्षी कॉलेजचे हाल झाले. अनुदान वेळेवर येईना, प्राध्यापकांचे पगार रखडले. खेळांपैकी काहीतरी बंद करणं भाग होतं. क्रिकेटच्या सामन्याला देणगीदार शेठजी खुर्च्या टाकून बसत. कुस्ती बघायला कोण बसणार? क्रिकेट राहिलं, कुस्तीचा संघ गेला. आखाड्याच्या जागी सायकलस्टँड ठरला. प्राचार्य मनाने वाईट नव्हते. म्हणाले, "मानकर, अंथरूण पाहून पाय पसरावे लागतात."

"अंथरून आखूड हाये हे खरं साहेब," सर म्हणाले, "पन पाय आमचेच काहून कापता?"

सरांनी मग इतकंच विचारलं, की माती नेली तर चालेल का? प्राचार्य चकित होऊन हो म्हणाले. रविवारी सर स्वतः बैलांची बंडी हाकत आले. आम्ही टोपल्या भरल्या आणि ती माती जठारपेठेत त्यांच्या अंगणात ओतली. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, तिथली मेथी आणि मोगरा आधीच उपटून ठेवला होता. मी ओशाळलो, तर त्याच मला म्हणाल्या, "मेथी बाजारात भेटते रे बाबू. हे माती कोन्या बाजारात भेटन?" अशी माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती, खरं सांगतो.

आमच्यातला सुदाम हा सगळ्यांत तयारीचा गडी. त्याचं घर नुकतंच बौद्ध झालेलं. सरांच्या अंगणात तो उतरतो, यावर आळीत कुजबूज सुरू झाली. सरांनी कुणाशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी भर सकाळी लंगोट कसून ते स्वतः सुदामाशी लढले, आणि ओसरीवर त्याच्या मांडीला मांडी लावून एकाच गडव्यातलं ताक प्याले. कुजबूज थांबली.

त्या हिवाळ्यात अमरावतीला विद्यापीठाचे सामने होते. "कॉलेजचं नाव देतो, खर्च मात्र देता येणार नाही," प्राचार्य म्हणाले. आमच्या गावचा संत्र्याचा ट्रक अकोल्यात माल उतरवून अमरावतीमार्गे रिकामा परतत असे. सर्वांनी त्यातल्या संत्र्यांखाली अंथरलेल्या गवतावर बसून प्रवास केला, सरांनीही. सुदामाने शेवटची कुस्ती चीतपट मारली. कर्ण्यावरून आमच्या कॉलेजचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा मी सरांकडे पाहिलं. ज्या कॉलेजने त्यांचा आखाडा बाहेर काढला, त्याच्या नावासाठी ते टाळ्या वाजवत होते.

वर्षभराने प्राचार्य जठारपेठेत आले. दारातच त्यांनी बूट काढले. "मानकर, तेव्हा पैसे खरंच नव्हते," ते म्हणाले. "आता थोडी सोय झाली आहे. आखाडा पुन्हा सुरू करावा म्हणतो. माती द्याल?"

आमच्या मुठी वळल्या. "देऊ नका सर," मी पुटपुटलोसुद्धा. वाटलं, आता सर चांगले सुनावतील!

सर म्हणाले, "बंडी केव्हा आनू साहेब?"

बस, एवढंच. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते आणि त्यांच्यापुढे मान आपोआप लवते. बंडी भरली तेव्हा काकूंनी एक टोपली मात्र मागे ठेवून घेतली. म्हणाल्या, "उद्या आनखी कोनाचा आखाडा बंद झाला तं?"

त्या टोपलीतली माती पुढे वऱ्हाडात कुठे कुठे गेली. सुदामाने नोकरीच्या गावी नेली, मी शिकवतो त्या शाळेत नेली. आता सर साठीचे झाले, सत्कार करू म्हटलं, तर म्हणतात, शाल नको, थैली नको. आपापल्या आखाड्याची टोपलीभर माती आणा. पावसाने अंगण खचलं आहे म्हणे!

सर, आम्ही येतोच आहोत. तुमच्या मांड्या अशाच खणखणीत राहोत, काकूंच्या हातचं ताक तुम्हाला आणखी चाळीस वर्षं मिळो, आणि त्या अंगणात आमच्या नातवांनाही तुम्ही फावडं धरायला लावावं. मी टोपली घेऊन वहाणांसकट आत शिरणार आहे. तुम्ही मागून एकदा ओरडा.