ट्रंकेवरचा पत्ता

कोलकात्यातल्या डमडम भागातल्या माझ्या फ्लॅटच्या दारांना रंग लागतोय. ऑइलपेंटचा वास आला आणि बाबा आठवले, हातात ब्रश घेऊन लोखंडी ट्रंकेसमोर उकिडवे बसलेले. दर बदलीला ते ट्रंकेवरचं जुनं गाव काळ्या रंगानं बुजवायचे आणि पांढऱ्यानं नवं लिहायचे. घर घ्यायचा विषय निघाला की म्हणायचे, “सरकारी क्वार्टर आहे ना? नंतर बघू.” कोलकात्यात ते निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडायचा दिवस आला. ‘कलकत्ता’ बुजवून झालं, पण ब्रश पुढे सरकेना. “अहो, ब्रश वाळतोय, लिहा ना,” आई म्हणाली. “काय लिहू?” बाबांनी विचारलं. शेवटी त्यांनी साताऱ्याच्या काकांचा पत्ता लिहिला आणि त्याच्या वर, अगदी बारीक अक्षरात, ‘मार्फत’. मला तेव्हा नोकरी लागून तीनच महिने झाले होते. एस्प्लनेडच्या बाजारात एक कॅमेरा पसंत करून ठेवला होता, तो राहिलाच. त्या महिन्यापासून पगारातला काही भाग मी बाजूला टाकत आलो. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय, याच घरात, माझ्या स्वतःच्या. मघाशी रंगारी बाबांच्या माघारी माझ्याकडे आलेल्या, कोपऱ्यातल्या त्या ट्रंकेपाशी थांबला. “दादा, इस पर भी रंग मार दूँ?” “नको!” मी मराठीतच ओरडलो.