सरळ पंखांच्या एकेचाळीस माश्या

माश्या पहाटे जन्मतात, म्हणून मादेवीही पहाटेच यायची. जानेवारीत म्हैसूरची चामुंडीची टेकडी धुक्यात बुडालेली असायची, रस्त्यावर दूधवाल्याशिवाय चिटपाखरू नसायचं, आणि ही पोरगी भावाचा ढगळ स्वेटर चढवून सहाच्या ठोक्याला आमच्या प्रयोगशाळेतल्या माशीखोलीचं दार ढकलायची. मी तिच्याआधी आलेली असायचे. बावीस वर्षं मी इथल्या प्रयोगाच्या फळमाश्या सांभाळते, त्यांचं जेवण शिजवते. रवा, गूळ आणि घट्ट व्हायला अगर-पावडर. वास असा सुटतो की नवा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर्वमंगळक्का, आज शिरा का?" मी म्हणते, "आहे, पण पहिल्या पंक्तीला माश्या बसतात."

मादेवी कोळ्ळेगालकडची. घरी रेशमाचे किडे. लहानपणी ती किड्यांच्या परड्यांखालीच झोपायची. "रात्रभर ते तुतीची पानं खात असायचे अक्का, त्या आवाजात मला झोप लागायची. वसतिगृहात शांतता असते, तर डोळ्याला डोळा लागत नाही." असं सांगता सांगता ती मध्येच थांबायची आणि सूक्ष्मदर्शकातून बघत राहायची. भिंगाखाली गुंगी दिलेल्या माश्या पडलेल्या असायच्या, लालभडक डोळ्यांच्या, झोपलेल्या. ती त्यांना कुंचल्याने इतक्या हलक्या हाताने सरकवायची, की त्यांची झोपमोड होईल अशी तिला भीती असावी. मला हसू यायचं. खरं सांगायचं तर मला ते बघायला आवडायचं.

आमच्या धंद्यात मादी जन्मल्यापासून आठ तासांच्या आत बाजूला काढावी लागते. नाहीतर ती कुणाशी तरी जमवून मोकळी होते आणि पुढच्या पिढीचा बाप कोण ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. यावरून मादेवीची आई फोनवर बोलायची, तो आवाज मला इकडे ऐकू यायचा. "अगं, माश्यांच्या पोरी वेळेवर बाजूला काढतेस, स्वतःचं कधी बघणार? एकोणतीस संपलं तुला!"

"अव्वा, माझं लग्न लावलंस तर या माश्यांना कोण बघेल?"

"त्यांना पंख आहेत. त्या बघतील त्यांचं!"

आईही कमी नव्हती. पण पीएचडीचं सहावं वर्ष होतं आणि नोंदणी मार्चअखेर संपणार होती. तोवर हाती काही आलं नाही, तर सहा वर्षं पाण्यात, हे आईलाही ठाऊक होतं आणि मलाही.

तिचा सगळा जीव एका जनुकात अडकलेला. हा जनुक आई आणि बाप दोघांकडून मोडका आला, तर माशी कोषातच मरते. एकाकडूनच आला तर जगते, पण आम्ही मुद्दाम लावून दिलेली एक खूण तिच्यात दिसते: पंख कुरळे होतात. मोडका जनुक कुणाकडूनच आला नाही, तर ही खूणच दोन्हीकडून येते, आणि तीही माशी मरते. त्यामुळे मादेवीच्या बाटल्यांतून बाहेर पडणारी प्रत्येक माशी कुरळ्या पंखांची. तिचं म्हणणं होतं की दुसरा एक जनुक आहे, जो या मरणाऱ्यांना वाचवू शकतो. तो सापडला, तर एखाद्या सकाळी बाटलीत सरळ पंखांची माशी बसलेली दिसेल. सहा वर्षांत एकही दिसली नव्हती. स्वप्नात मात्र दिसायची. "काल पुन्हा आली होती," ती मला सांगायची. "परडीच्या कडेला बसली होती. पंख असे काचेसारखे." एखादीला स्वप्नात नवरा दिसतो, हिला माशी.

संक्रांतीला ती पाच दिवस गावी गेली. तिच्या दोन तबकांतल्या बाटल्यांमधल्या माश्या नेमक्या तेव्हाच कोषातून बाहेर यायच्या बेतात होत्या. ती नसताना त्या जन्मल्या असत्या, तर एकही मादी वेळेवर काढता आली नसती. म्हणून मी ती तबकं पंचवीस डिग्रीच्या कपाटातून अठराच्या कपाटात हलवली. गारठ्यात माशी हळू वाढते. ती परतली त्या सकाळी मी तबकं पुन्हा जागेवर ठेवली. आमचा नियम साधा आहे. बाटली हलवणाऱ्याने तिच्यावर पेन्सिलीने तारीख आणि तापमान लिहायचं. मी लिहिलं नाही. बावीस वर्षांचा माज, दुसरं काय!

बुधवारी सकाळी मादेवी ओरडली नाही. तिने नुसतं माझं मनगट धरलं आणि मला खुर्चीवर बसवलं. "अक्का, बघा."

मी भिंगातून पाहिलं. पांढऱ्या पट्टीवर माश्या झोपल्या होत्या आणि त्यांचे पंख सरळ होते. इतके स्वच्छ, की आतल्या शिरा मोजता याव्यात.

"एकेचाळीस आहेत," ती कुजबुजली. "मी तीनदा मोजल्या."

मला तिथेच कळलं. कुरळे पंख गारठ्यात कुरळे होत नाहीत. माशी पाळणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या वर्षी शिकवतात आणि प्रत्येकजण ते विसरतो. मरणातून वाचलं कुणीच नव्हतं. त्या नेहमीच्याच माश्या होत्या, मी गारठवलेल्या.

बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "छान आहेत गं," आणि उठून गूळ किसायला गेले.

चन्नकेशव सर, तिचे मार्गदर्शक, सोमवारपर्यंत परगावी होते. त्यामुळे तीन दिवस ही गोष्ट आम्हा दोघींतच राहिली. काय दिवस होते ते! ती जिन्यावरून उतरायची ती पायऱ्या नसल्यासारखी. सरळ पंखांच्या जोड्या लावून तिने नव्या बाटल्या भरल्या. त्यांची पोरंही सरळ निघाली की शिक्कामोर्तब, आणि त्याला बारा दिवस लागणार होते. खिडकीतून कोवळं ऊन त्या बाटल्यांवर यायचं, आणि ती हनुवटी टेकून त्यांच्याकडे बघत बसायची. शुक्रवारी तिने मला मोगऱ्याचा गजरा आणला. तो केसांत माळून मी घरी गेले आणि जेवले नाही.

शनिवारी पहाटे मी सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला बुधवारीच कळलं होतं."

"हो."

"मग आज कशाला सांगितलंत? सोमवारपर्यंत तरी राहू द्यायच्या होत्या."

मला शिव्या हव्या होत्या. तिने एकेचाळीस माश्यांची कुपी माझ्यापुढे सरकवली. "तुम्हीच ओता. माझ्याच्याने नाही होणार." नको असलेल्या माश्या आम्ही स्पिरिटच्या बाटलीत टाकतो. मी आजवर लाखोंनी टाकल्या असतील. त्या दिवशी एकेक मोजत ओतल्या.

मुदतवाढीचा एकच मार्ग उरला होता. विद्यार्थ्याच्या हाताबाहेरचं काही घडलं असेल, तर सहा महिने मिळतात. मी सगळं कबूल करणारं पत्र लिहून सही करून तिच्या हातात दिलं. माझी नोकरी वर्षावर्षाच्या कराराची. असं पत्र वर गेलं की करार संपला, हे तिला माहीत होतं. पण चूक माझी होती आणि वर्षं तिची. तिने पत्र घडी करून स्वेटरच्या खिशात ठेवलं.

सोमवारी आम्ही दोघी सरांपुढे उभ्या होतो आणि टेबलावर तिचा अर्ज होता. पत्र जोडलेलं नव्हतं. विलंबाच्या कारणापुढे तिने एकच शब्द लिहिला होता: थंडी.

"थंडी?" सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हैसूरला? अगं, विद्यापीठवाले हसतील!"

"हसू दे सर. माश्यांना वाजली."

"बाटल्या हलवल्या कुणी?"

मी तोंड उघडलं. मादेवी माझ्याकडे वळूनही न बघता म्हणाली, "माश्या माझ्या आहेत सर. कपाटाचं तापमान बघणं माझं काम होतं." आणि मग मला, "अक्का, तुम्ही जा, माश्या उपाशी असतील."

मी गेले. पातेल्यात रवा घोटत उभी राहिले आणि ढसाढसा रडले.

विद्यापीठ हसलंच असणार. सहाऐवजी तीन महिने दिले. मादेवीने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "बारा दिवसांची एक पिढी. सात पिढ्या वाढल्या, अक्का. सात पिढ्यांत काय काय होतं!"

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला दार ढकललं गेलं. तिने दिवा लावला, कुंचला उचलला, आणि पहिल्या बाटलीवर पेन्सिलीने लिहिलं: पंचवीस डिग्री. मग पेन्सिल माझ्या हातात दिली. "आता तुम्ही," ती म्हणाली. उरलेल्या एकोणसाठ बाटल्यांवर मी लिहिलं.